नैवेद्यातला राजमा

मी दिल्लीत जन्मले, दिल्लीतच वाढले, सरकारी नोकरीत केस पांढरे केले, आणि एवढ्या वर्षांत मला नुसत्या प्रश्नांनी सळो की पळो करून सोडणारं माणूस एकच भेटलं. ती म्हणजे मॉरिशसहून इतिहासात एम.ए. करायला आलेली आमची पाहुणी. ऑफिसातल्या एका बाईंच्या ओळखीने आली, हॉस्टेल मिळेपर्यंत चार दिवस राहते म्हणाली, आणि दोन वर्षं राहिली. तिच्या पणजोबांचे वडील कोकणातून जहाजाने त्या बेटावर गेले होते. तेव्हापासून घराण्यात कोणी महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण कोकणातून नेलेलं सगळं जसंच्या तसं जपलं होतं. ते आमच्याकडे नाही, हे तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत सरकारी फॉर्म भरावा लागतो. आमचे हे घाबरट स्वभावाला अनुसरून तो तिसऱ्यांदा तपासत होते. मध्येच उठून त्यांनी देवापुढचा दिवा फुंकर मारून विझवला. "काका!" ती किंचाळलीच. "दिव्याला फुंकर? अहो, फुलाने शांत करायचा!" ह्यांनी 'राष्ट्रीयत्व' या रकान्याकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मुकाट्याने फूल आणायला गेले.

दुसरा बळी आमचे चिरंजीव. गुरुग्रामला नोकरी, सकाळी मेट्रो पकडायची घाई. "चलो आई, जातो मी," म्हणून लिफ्टमध्ये शिरले, तर ही पायात चप्पल न घालता मागे धावली. "दादा, परत या. जातो म्हणू नये, येतो म्हणावं." तो म्हणाला, "यार, नऊची मीटिंग आहे." ती लिफ्टच्या दारात पाय घालून उभी. शेवटी तो घरात आला, पाटावर टेकला, 'येतो' म्हणाला, हातावर दही घेतलं आणि मग सुटला. मीटिंगमध्ये कोपरापर्यंत दह्याचा ओघळ होता म्हणे.

हिंडायला म्हणून कुठे न्यावं तर तिथेही तेच. तिच्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसजवळ टेकडीवर हिंदूरावचं मोठं हॉस्पिटल आहे. त्याला ज्या हिंदूरावांचं नाव आहे ते ग्वाल्हेरहून आलेले आपले मराठी गृहस्थ, हे तिने कुठे तरी वाचलं. झालं! सकाळी ओपीडीच्या रांगेत दीड तास उभी राहिली आणि खिडकीशी पोचल्यावर "हिंदूराव कुठल्या खोलीत राहायचे?" असं विचारलं. आतल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, मरीज का पूरा नाम बताइए." मी तिला ओढत बाहेर काढलं. ती मात्र मागे वळून इमारतीला नमस्कार करत होती.

पण खरा जाच स्वयंपाकघरात होता. रोज संध्याकाळी ती मॉरिशसला आजीला फोन लावायची आणि फोन माझ्या साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. "आजी, ह्या खऱ्या मराठी बाई," अशी माझी ओळख पहिल्याच दिवशी करून दिली. आता मी कसली डोंबलाची खरी मराठी बाई! सुट्टीत चार दिवस पेणला मावशीकडे जायचं, एवढाच माझा महाराष्ट्र. पण तिकडे आजी हात जोडून बसलेली, इकडे ही वही उघडून बसलेली. अशा वेळी 'मला माहीत नाही' म्हणायला मोठं मन लागतं, ते माझ्याकडे नाही. मी धडाधड उत्तरं द्यायला लागले. आजी तिकडून माझी फोडणी बघायची आणि "हिंग उशिरा पडला, बाय," म्हणायची.

पहिल्या गणपतीच्या आधी आजीने विचारलं, "नैवेद्याच्या पानात तुमच्याकडे काय काय असतं?" मी आमच्या घरी असतं ते सांगितलं. मोदक, वरणभात, बटाट्याची भाजी, आणि बिनकांद्या-लसणीचा, गोडा मसाला घातलेला राजमा.

"राजमा?" आजी म्हणाली.

"राजमा तर लागतोच," मी ठणकावून सांगितलं. "त्याशिवाय पान पूर्ण होत नाही."

"उजवीकडे की डावीकडे, मावशी?" हिने वहीतून मान वर न करता विचारलं.

"उजवीकडे. बटाट्याच्या भाजीखाली."

पुढे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचा प्रबंध लिहून झाला. विषय होता घर सोडून गेलेल्या मराठी माणसांनी काय काय जपलं. सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी तिने तो मला कौतुकाने दाखवला. सबंध एक प्रकरण राजम्यावर होतं! 'महाराष्ट्रातील प्राचीन परंपरा', आणि पुरावा म्हणून खाली माझं नाव. मी बाल्कनीत जाऊन पेणला मावशीला फोन लावला.

"राजमा? बाप्पाला?" मावशी हसत सुटली. मग हसू थांबलं. "अगं, तो तुझ्या आईचा. लग्न होऊन दिल्लीला गेली ना, तेव्हा पहिल्या गणपतीला तिला वाल मिळाले नाहीत. पेणला आपल्याकडे पानात वालाचं बिरडं असतं. दिवसभर रडली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईने आपल्या घरचा भिजवलेला राजमा आणून दिला, तोच केला. मला पत्रात लिहिलं होतं, बाप्पा रागावेल का गं म्हणून."

आईने मला हे कधी सांगितलं नाही. तिला जाऊन बारा वर्षं झाली, आता विचारणार कोणाला? गप्प बसले असते तर माझी अब्रू राहिली असती. पण सोमवारी त्या पोरीने दोन वर्षांच्या कष्टांबरोबर माझी थापही बांधून दिली असती. मी आत गेले आणि सगळं सांगून टाकलं. प्राचीन परंपरा वगैरे काही नाही, माझी आई रडत होती आणि वाल नव्हते.

तिने वही ओढली. "मावशी, दोन वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही कामाचं बोललात! परत सांगा, सावकाश." त्या दोन दिवसांत तिने अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं. आणि मला सोडलं का? छे! साखरेच्या डब्याला फोन टेकवून आजीसमोर उभं केलं.

मी हात जोडले. "आजी, चुकलं माझं. राजमा आपला नाही. वाल मिळाले नाहीत म्हणून माझ्या आईने घातला होता."

"माझ्या सासूच्या सासूला फणस मिळाला नाही," आजी म्हणाली, "तर तिने आमच्याकडचा निरफणस घातला. आम्ही अजून घालतो. आणि राजमा आता दोन वर्षं आमच्या सगळ्या गल्लीत होतो, बाय. बाप्पाला सवय झाली. आता काढायचा नाही."

जूनमध्ये ती गेली. दारात मीच तिच्या हातावर दही घातलं. लिफ्टपाशी ती 'येते' म्हणाली, पण ती काही येणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. घर इतकं शांत झालं की ह्यांनी दोनदा दिव्याला फुंकर मारली आणि दोन्ही वेळा दचकून मागे पाहिलं.

यंदा गणपतीला वाल मागवले असते तर दहा मिनिटांत दारात आले असते. नाही मागवले. राजमा शिजत असताना तिच्याकडून फोटो आला. बेटावरच्या केळीच्या पानावर मोदक, वरणभात, निरफणसाची भाजी, आणि उजवीकडे बटाट्याच्या भाजीखाली राजमा. खाली लिहिलं होतं, 'पेणच्या आजींचा.' म्हणजे माझ्या आईचा. माझी आई पेणहून निघाली ती दिल्लीत येऊन थांबली, समुद्र काही तिने ओलांडला नाही. मला भडभडून आलं. बाप्पा रागावला नाही गं आई, एवढंच तिला सांगायचं राहिलं होतं. मी डोळे पुसले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून आजीला लावला आणि पान वाढायला घेतलं.