शमीमकाकूंचा डबा

"आई, या डब्यावर 'शमीम' कोरलंय. आपला नाहीये ना? मग भंगारात टाकू?" माळा आवरताना लेकीने विचारलं. मी झाकण उघडलं. वेलचीचा वास आला, निदान मला तरी.

माझ्या लहानपणी सदाशिव पेठेत शेजारच्या शमीमकाकूंनी त्यातून शीरखुर्मा दिला होता. त्या हडपसरला राहायला निघाल्या, तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि आईचं लाडवांचं बेसन अजून कढईतच.

"डबा रिकामा कसा देऊ?" आई भराभरा ढवळत होती.

"राहू द्या वहिनी, न्यायला येईन की," म्हणत काकू टेम्पोत चढल्या.

आईच्या वेंधळेपणाची मला तेव्हा लाज वाटली. पण काकू पुढे दर दिवाळीला डबा न्यायला आल्या, पोटभर फराळ करून गेल्या आणि दर वेळी डबा विसरल्या.

"टाकायचा नाही," मी लेकीला ठणकावलं. "दुसऱ्याची वस्तू आहे."