थोरलीचा कान

थोरल्या जाऊबाई चावी फिरवताना डोळे मिटून घेत. कळंबला आमच्या सुट्टीच्या कॉटेजेसपुढे मोठे लॉन होते आणि ते कापायला सासऱ्यांनी एक जुने, वर बसून चालवायचे यंत्र आणले होते. ते अडले की सासरे ओट्यावरून हाक देत, "थोरले!" धाकटी मी; कवितेवर एम.ए. केलेली, सुरूच्या बनातल्या वाऱ्याचे सूर वेगळे काढणारी. त्या घरात कान मात्र जाऊबाईंचाच नावाजला जाई. एकदा तरी सासऱ्यांनी अशीच "धाकटे!" म्हणून हाक द्यावी, एवढेच मला हवे होते.

"टक् वाजलं तर बॅटरीच्या तारा बघायच्या," जाऊबाई सांगत. "मुकं ऱ्हायलं तर सीटखालचा स्विच. वर मानूस बसलाय हे कळलं नाय, तर ते चालूच व्हत नाय." माहेरी, चांदीपच्या शेतावर, पंप खोलता खोलता त्या हे शिकल्या होत्या. स्विचमधले काळवंडलेले तांबे त्या पॉलिश पेपरने घासत, तेव्हा त्याची लालसर झळाळी त्यांच्या बोटांवर उतरे. मला तो रंगही सोसत नसे.

एका दसऱ्याला मी पहाटे उठून यंत्र पाइपने धुतले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. निदान पूजेपुरते तरी ते माझे व्हावे! दुसऱ्या दिवशी ते मुके. संध्याकाळी लॉनवर कॉटेजच्या पाहुण्यांचा साखरपुडा, गवत घोट्याला लागणारे, आणि सासऱ्यांचा आवाज चढलेला: "कुणी हात लावला याला?"

जाऊबाईंनी सीट उचलली. स्विचमध्ये पाणी साचले होते, पाण्यात पिवळी हळद. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले आणि पदराने सगळे टिपून घेतले. "खारी हवा, बाबा. दर्यावर दुसरं काय व्हनार?"

यंत्र धडधडले. कापल्या गवताचा ओला, हिरवा वास अंगणभर पसरला. "शीक जरा हिच्याकडून," सासरे मला म्हणाले.

स्वयंपाकघरात त्या हळूच म्हणाल्या, "आंघोळ देवाला घाल गो. याला ओलं फडकं बास." त्या रागावल्या असत्या, तर मला त्यांचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

पुढे वाटण्या झाल्या. थोरले दीर आणि त्या चांदीपला राहायला गेले. त्याच दिवाळीत यंत्र पुन्हा मुके झाले. सासऱ्यांनी सवयीने "थोरले" म्हटले आणि ते थबकले. मी सीट उचलली, स्विच सोडवला, तांबे लाल होईतो घासले, सगळे पुन्हा जोडून सीटवर बसून चावी फिरवली. यंत्र लगेच सुरू झाले. मी सासऱ्यांकडे पाहिले.

"वा!" ते खुलून म्हणाले. "अगदी थोरलीसारखं."