‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या भागीरथीबाई

किन्हवलीवरून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर श्रावणातल्या एका दुपारी शहापूरच्या स्टँडवर मला शोधत आला. ‘‘गुरुजी, मुरबाडच्या भागीरथीबाई गेल्या. काल सकाळी. सुकरीबाईंनी तुमाला सांगायला लावलंय,’’ एवढं बोलून तो घाईने परत गाडीकडे गेला. गाडी सुटायची वेळ झाली होती. मी हातातली भाजीची पिशवी बाकावर ठेवली आणि तिथेच बसून राहिलो… मुरबाडला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या शाळेत शोकसभा झाली. बाईंची शिस्त, वळणदार अक्षर, वेळेवर येणं, सगळ्याची वाहवा झाली. मग एक गृहस्थ म्हणाले, ‘‘बाई हुशार, पण एक खूळ होतं हो त्यांना. आभाळात कुणीतरी राहतं म्हणायच्या!’’ लोक हसले. शोकसभेत हसले. मी तिथे काही बोललो नाही. बाईंच्या बाबतीत असा मी दुसऱ्यांदा गप्प बसलो. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही, की आभाळात कुणी राहतं असं भागीरथीबाई कधीच म्हणाल्या नाहीत. त्या काय म्हणाल्या ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण त्या वाक्यापायी त्यांची बदली झाली आणि त्या कागदावर सही माझी होती.

तानसा धरणाच्या अलीकडे एका गावात मी हेडमास्तर होतो. बाई तिथे आल्या त्या एक पत्र्याची ट्रंक आणि एक कंदील घेऊन. मुरबाडकडच्या कुणब्याची ही लेक. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी वैधव्य. सासऱ्यांनी माहेरी पाठवली, तर ही भावाच्या मुलांची पुस्तकं वाचत वाचत सातवीची फायनल पास झाली आणि मास्तरीण होऊन बाहेर पडली. आवाज खणखणीत. एरवी बोलणं पुस्तकी शुद्ध, पण राग आला की थेट घरची बोली. त्यांचं ‘नाय’ ऐकू आलं की आम्ही बाकीचे मास्तर आपापल्या वर्गात जाऊन बसायचो.

गावाबाहेर ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी होती. पावसाळा सरला की निम्मी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जायची. तिथलं मूल शाळेत यावं असं कुणाला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. बाई पहिल्याच वर्षी ओढा ओलांडून गेल्या आणि सुकरी नावाच्या मुलीला घेऊन आल्या. तिची आई सोमी डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन गावात यायची. तिची आणि बाईंची गट्टी जमली ती ताऱ्यांवरून. बाई पुस्तकातले सप्तर्षी सांगायच्या, सोमी त्यांना बाज, म्हणजे खाट म्हणायची, आणि कुठला तारा संध्याकाळी कुठे आला की कुठला कंद खणायचा, हे ती बोट दाखवून सांगायची. बाई दुसऱ्या दिवशी ते वहीत लिहून काढायच्या. मला म्हणाल्या होत्या, ‘‘गुरुजी, ही बाई मला शिकवते आहे, आणि गाव म्हणतं हिला अक्षरशत्रू.’’

मग रशियाने आभाळात उपग्रह सोडला, आणि त्या वर्षी शाळेत सगळ्यांच्या तोंडी तेच. बाईंच्या चौथीच्या वर्गात कुणीतरी विचारलं, ‘‘बाई, तिकडं कोन रातं का?’’ भूगोलाच्या पुस्तकात वाक्य होतं, जीवसृष्टी केवळ पृथ्वीवर आहे. बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाल्या, ‘‘हे पुस्तकात आहे. मला विचाराल तर मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. एवढे तारे आहेत, कुठेतरी विचार करणारं कुणी असेल असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे.’’ शेजारच्या वर्गातून मी हे ऐकलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे मी पुढे कुठेच सांगितलं नाही, हा माझा गुन्हा.

फेब्रुवारीत तपासणीला दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब, आले. चौथीच्या वर्गात त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला, ‘‘पृथ्वीशिवाय जीवसृष्टी कुठे आहे?’’ सुकरी उभी राहिली. दहा वर्षांची असेल. म्हणाली, ‘‘आजून कोनी जाऊन बगलाच नाय. मंग नाय कसा बोलायचा?’’

दिपोटी आधी हसले. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘ही कुणाची?’’

‘‘वाडीवरची,’’ मी म्हणालो.

‘‘तरीच. हेडमास्तर, यांना पाढे येईनात आणि तुम्ही यांना आभाळ शिकवता?’’

बाई टेबलाजवळून म्हणाल्या, ‘‘साहेब, तिला तिसापर्यंत पाढे येतात. विचारा.’’ साहेबांनी विचारले नाहीत. बाईंनी सुकरीला सांगितलं, ‘‘म्हण गो.’’ आणि त्या पोरीने एकोणतीसचा पाढा उभ्या उभ्या म्हटला. साहेब तो संपायच्या आत वर्गाबाहेर पडले होते. तरी तिने तो पूर्ण म्हटला.

गावातल्या चार प्रतिष्ठितांना वाडीची पोर आपल्या मुलांशेजारी बसते हे सलत होतंच. त्यांना आता बरं निमित्त मिळालं. बाई धर्माविरुद्ध शिकवतात, पुस्तकाविरुद्ध शिकवतात, असा अर्ज गेला. वरून मला हुकूम आला की बाईंकडून लेखी माफी घ्या, नाहीतर तसा अहवाल पाठवा. मी बाईंना बोलावून समजावलं. म्हटलं, दोन ओळी लिहा, विषय मिटेल. त्या म्हणाल्या, ‘‘काय लिहू? मला माहीत आहे असं लिहू? खोटं लिहू?’’ मी म्हटलं, ‘‘नोकरीचा प्रश्न आहे बाई.’’ तर त्यांनी माझ्यासमोरच कागद ओढला आणि लिहिलं: ‘जे ठाऊक नाही त्यास ठाऊक नाही म्हणणे ही मी शिक्षकाची चूक मानत नाही. सबब माफी मागण्याचे कारण दिसत नाही.’ खाली सही. मी तो कागद माझ्या अहवालासोबत पाठवला. अहवालात मी लिहिलं, ‘सदर शिक्षिका ऐकत नाहीत.’ घरात तीन मुलं होती, माझीही बदली झाली असती… ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. आज सांगत नाही.

बदली मुरबाड तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला झाली. निघायच्या आदल्या सकाळी बाई वाडीवर गेल्या. मीही मागोमाग गेलो. का ते माहीत नाही. बाई सोमीला म्हणाल्या, ‘‘इथे तिला आता कुणी बसू देणार नाही. माझ्याबरोबर दे. माझ्या घरी राहील, शिकेल.’’ सोमीने चुलीतली राख सारली. मग म्हणाली, ‘‘नेतंस तं ने. पन तिला आमची लाज वाटंल असा काय शिकवू नको.’’ बाई म्हणाल्या, ‘‘नाय शिकवनार.’’ बाईंचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले. नव्या गावातही लोकांनी विचारलंच, वाडीवरची पोर घरात, एका ताटवाटीत? बाईंचं उत्तर ठरलेलं असे, ‘‘माझ्या घरात कोन जेवल ते मी ठरवीन.’’ खोली दोनदा बदलावी लागली. सुकरी मात्र दर सुट्टीत वाडीवर आईकडे जायची, आणि बाई स्वतः तिला सोडायला यायच्या.

पाच-सहा वर्षांनी बाईंची मुरबाडला बदली झाली, तेव्हा मी भेटायला गेलो. मनात ठरवून गेलो होतो. चहा पुढे आला तसं म्हणालो, ‘‘बाई, त्या अहवालावर सही माझी होती.’’

‘‘ठाऊक आहे. मजकूरही तुमचाच. तुमचा ‘श’ मी कुठेही ओळखते.’’

‘‘मला माफ करा.’’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘नाय करत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझं ऱ्हाऊ द्या. त्या पोरीचं वर्ष तुमी घालवत होतात. चहा घ्या, निवतोय.’’

मी चहा घेतला. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिलो. त्यांनी मला माफ केलं नाही आणि दारही लावलं नाही. आम्ही वाद घालायचो. मी म्हणायचो, पुरावा काय? त्या म्हणायच्या, ‘‘पुरावा नाही, म्हणून तर प्रश्न आहे. पुरावा असता तर पाठांतर झालं असतं.’’ सुकरी फायनल पास झाली तेव्हा बाईंनी पेढे वाटले नाहीत. म्हणाल्या, यात आश्चर्य काय, हिला येतच होतं.

शेवटची भेट यंदाच्या जुलैमधली. दम्याने बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली होती आणि शेजारच्या ओटीवर रेडिओभोवती माणसं जमली होती. शेजारचे निवृत्त तलाठी खिडकीशी येऊन मोठ्याने म्हणाले, ‘‘ऐकलंत का भागीरथीबाई? नुसती धूळ आहे तिथं! कोणी नाही! मिटला तुमचा प्रश्न!’’

बाई उशीला टेकून बसल्या. एकेका शब्दाला धाप लागत होती, पण बोलल्या. ‘‘एक दार वाजवलं तलाठीभाऊ. एका घरात कोन नाय, म्हनून गाव ओस पडला?’’ तलाठी हसत गेले. मग जरा वेळाने त्या मला म्हणाल्या, ‘‘आणि गुरुजी, समजा भेटलंच कुणी. आपल्याहून हुशार. तर आपले लोक पहिलं काय विचारतील? कुठल्या वाडीचा म्हणून?’’ एवढं बोलून त्या खोकत खोकत हसल्या. मला हसू आलं नाही…

या बाईंना खूळ होतं म्हणून शोकसभेत लोक हसले. ओढ्यापलीकडची अक्कल ज्यांना चार पावलांवरून दिसली नाही, ते आभाळात कुणी नाही म्हणून छातीठोक सांगतात. त्यांनी खुशाल सांगावं. मी आता त्यांच्या कागदावर सही करणार नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा मुरबाडला गेलो होतो. बाईंच्या वर्गावर आता सुकरीबाई शिकवतात. मी दाराशी उभा राहिलो. मुलं ओळीने बसकरांवर बसलेली, आणि पहिल्या ओळीत, फळ्यासमोर, एक बसकर रिकामं. आजारी असेल कुणी, असं मला वाटलं. सुट्टी झाल्यावर विचारलं तर सुकरी म्हणाली, नाही, बाई रोज सकाळी स्वतः झटकून ते तिथे टाकायच्या, या शाळेत आल्या त्या दिवसापासून. नवीन हेडमास्तर म्हणतात उचला ते, ओळ वाकडी दिसते.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मी नाय उचलत,’’ ती म्हणाली. ‘‘परवा भट्टीवरून आलेली एक पोर दोन दिवस बसून गेली त्यावर. उद्या आनखी कोन येल.’’

घंटा झाली. मुलं आत आली, त्या बसकराला वळसा घालून आपापल्या जागी बसली, आणि सुकरीने भूगोलाचं पुस्तक उघडलं.