मी न गेलेली पाच गावं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांच्या सहीनं मला पदवी मिळाली त्या मॅडमना तर नाहीच. कुठल्या फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली की 'डॉ.' लिहून झाल्यावर माझं पेन थांबतं. बायकोच्या हे लक्षात आलंय. एकदा म्हणाली, "काहून अडखळता हो नेहमी इथंच?" मी म्हटलं, रिफील संपत आली असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती का बोलली नाही, याचा मी पुढं दोन दिवस विचार करत होतो. मी असाच आहे. कुणी गप्प बसलं की मला वाटतं, याला कळलं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो.

यवतमाळच्या एका कॉलेजात संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय — जुन्या प्रयोगशाळेमागची एक खोली, एक लांब टेबल, तीन लोखंडी कपाटं आणि वर कुरकुरणारा पंखा. आम्ही तिघं तिथं पीएच.डी. करत होतो. वानखडे सूक्ष्मजीवशास्त्राचा. तो कापसाच्या शेतात सुती कापडाच्या पट्ट्या पुरायचा आणि काही आठवड्यांनी उकरून किती कुजल्या ते बघायचा. जिवंत मातीत कापड चाळणी होऊन निघतं, मेलेल्या मातीत जसंच्या तसं. टेबलावर नेहमी त्याच्या मातकट चिंध्या वाळत असायच्या. दुसरी रेणुका. फुलसावंगीकडच्या तांड्यावरची, बंजारा समाजातली. तिचा विषय ढावलो — लग्न झालेली मुलगी तांडा सोडताना आई-मावश्यांच्या गळ्यात पडून जे रडत गाते, ते गाणं. ते कुठंही लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे तेवढंच.

आणि तिसरा मी. राळेगाव तालुक्यातला, घरची कापूस-तुरीची शेती. माझा विषय होता एस.टी. आणि मुलींचं शिक्षण. गावाला बस येते की नाही, कधी येते, त्यावरून दहावीनंतर मुली शिकतात की घरी बसतात, हे शोधायचं. चौदा गावं निवडली होती. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची, मुलीशी बोलायचं, आईबापाशी बोलायचं.

नऊ गावं मी केली. खरंच केली. सायकलवर, बसनं, काही ठिकाणी पायी.

उरलेली पाच मी घरी बसून भरली.

उन्हाचं कारण सांगितलं असतं, पण तेव्हा हिवाळा होता. आजारीही नव्हतो. नवव्या गावात एका माणसानं विचारलं, "आमच्या पोरी शाळेत काहून जात नाईत हे लिहून तू काय करशीन?" मी कागद पिशवीत भरले आणि निघालो. लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी उठलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग वाटलं, नऊ गावांत जे निघालं तेच या पाचांत निघणार ना? मग एक प्रश्नावली भरली. दुसरी भरली. चार वेगवेगळी पेनं आणली. अक्षर वेगळं दिसावं म्हणून काही डाव्या हातानं लिहिल्या. नावं मनानं ठेवली. सांगायला भयंकर वाटतं, पण त्या कामात मी रमलो होतो. कुणाला भाऊ दिला, कुणाची आई आजारी केली, कुणाची बस चुकवली.

त्यानंतर मला झोप लागायची, जेवण जायचं, पण माणसं बदलली. म्हणजे माणसं तीच होती. वानखडे एकदा माझे गठ्ठे चाळत हसला. "भाऊ, तुमचे फॉर्म लय स्वच्छ हायेत. ना घाम, ना चहाचा डाग. माह्या चिंध्या पहा जरा." तो गंमत करत होता. करत होता ना? मी त्या संध्याकाळी शेवटच्या पाच गावांच्या कागदांवर चहा शिंपडला.

कपाटाला कुलूप लावायला लागलो. गठ्ठ्यातल्या दोन कागदांमध्ये कापसाचा एक धागा ठेवायचो. कुणी हात लावला तर तो पडेल. एक दिवस धागा खाली पडलेला दिसला. पंख्यानं पडला असेल? की मीच काल नीट ठेवला नव्हता? रेणुका समोर हेडफोन लावून बसली होती. मी आत आलो तसं तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. थांबवलं का? आजवर शंभरदा आलो असेन, तेव्हा थांबवत होती का? आठवेना.

हेडफोन काढून ती म्हणाली, "दादा, तुमच्या यादीतल्या त्या गावची सकाळची बस तं बंद झाली ना? लय दिवस झाले."

त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. पाचांतलं एक होतं. मी तिथल्या सगळ्या मुलींना सकाळच्या बसनं शाळेत पाठवलं होतं.

मी म्हटलं, "नाई, मी गेलतो तेव्हा चालू होती."

"असंन," ती म्हणाली आणि हेडफोन लावले.

असंन म्हणजे काय? मान्य केलं, की सोडून दिलं, की पकडलं? त्या एका शब्दावर मी आठवडाभर जगलो. मग एका दुपारी ती चहाला गेली असताना मी तिची वही उघडली. माझ्या कपाटाला कुलूप आणि मी तिची वही उघडतोय. शेवटच्या पानावर त्या गावाचं नाव होतं, पुढं 'दादा', आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह.

आणखी काय पुरावा पाहिजे होता मला? ती मॅडमना सांगणार. आज नाही तर उद्या सांगणार.

आता जे सांगतो त्याच्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ती मला टाळायची होती.

मी तिच्या तांड्यावर गेलो होतो. हे सगळं घडायच्या काही महिने आधी तिला रेकॉर्डर धरायला माणूस हवा होता, म्हणून मी आणि वानखडे त्याच्या मोटारसायकलवर गेलो. आम्हाला ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. बायका जमल्या. जमनीबाई नावाची सगळ्यांत म्हातारी होती. तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे आई. तिनं ओढणी तोंडावर ओढली, रेणुकाच्या गळ्यात पडली आणि सुरू झाली. ते गाणं होतं की रडणं, ते मला कळलं नाही. शब्द एकही कळला नाही. रेकॉर्डर मी धरला होता. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. प्रत्येकीचा आवाज निराळा. मी कानांनी ऐकलंय. समोर बसून ऐकलंय.

हे माहीत असताना मी विद्यापीठाच्या संशोधन समितीला पत्र लिहिलं.

यवतमाळात टाइप केलं नाही. राळेगावला जाताना कळंबला उतरलो. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मला कुणी ओळखत नव्हतं. लिहिलं की रेणुकाच्या रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या बायका खोट्या आहेत, एकाच बाईकडून वेगवेगळी नावं घालून गाऊन घेतलंय, कदाचित ते तिच्या आईचेच आवाज आहेत. माहिती बनावट आहे, समितीनं प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी. खाली 'एक हितचिंतक' असं टाकलं. जे मी केलं होतं तेच तिच्या नावावर लिहिलं. दुसरं काही सुचण्याची गरजच नव्हती, सगळी पद्धत मला पाठ होती. पेटीत पत्र टाकलं आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायलो.

समिती गेली. तिघं होते, जीपनं गेले. त्यातले दोघं पुरुष. मॅडमनी मला विचारलं होतं, "तुम्ही तिच्यासोबत गेला होतात ना तांड्यावर? काय वाटलं?" वानखडे तेव्हा पट्ट्या उकरायला दारव्ह्याकडे गेलेला. खोलीत मी एकटा. एक वाक्य पुरलं असतं — मी स्वतः ऐकलंय मॅडम. तेवढंच. मी म्हटलं, "मला त्यांची भाषा समजत नाही, मी काय सांगणार."

खोटं नव्हतं ते. त्या सगळ्या काळात मी बोललेलं तेवढंच एक खरं वाक्य.

तांड्यावर काय झालं ते मला नंतर वानखडेनं सांगितलं. जमनीबाईला खुर्चीवर बसवलं, समोर फोन धरला आणि गा म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिनं विचारलं, "कोनाच्या गळ्यात पडून रडू?" मग आधार कार्डं मागितली. रेकॉर्डिंगमध्ये बायकांनी तांड्यावरची नावं सांगितली होती, कार्डावर वेगळीच होती. नावं जुळत नाहीत, अशी नोंद झाली. सगळी रेकॉर्डिंगं सह्या-अंगठ्यांसह पुन्हा करा, असं रेणुकाला लेखी कळवलं.

ती पुन्हा गेली. बायका तयार होईनात. आमचं रडणं चोरीचं आहे का, म्हणाल्या. आमचा आवाज आम्हाला परत दे, म्हणाल्या. तिनं ओसरीवर बसून, सगळ्यांना दाखवत एकेक फाइल पुसली. हे सांगताना वानखडे चिंधीची घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा करत होता. "कोणं लिवलं असंन हो भाऊ हे पत्र?" त्यानं विचारलं. माझ्याकडे बघत होता का? मला आजही वाटतं, बघत होता. मी म्हटलं, "लोकायले दुसऱ्याचं चांगलं पाहावत नाही."

रेणुकानं नोंदणी सोडली. कपाट रिकामं करायला आली तेव्हा मी खोलीत होतो. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता बोलेल. आता सगळं बोलेल. तिनं वहीचं शेवटचं पान फाडून माझ्यापुढं ठेवलं.

"हे कधीचं द्यायचं राहूनच जाय. माही मामेबहीण त्या गावात देली हाये. बस बंद झाली, तेव्हा तिच्या नणंदेची शाळा सुटली. तिच्यासारख्या सात-आठ पोरी हायेत तिथं, नावं विचारून ठेवली मी. तुमाले इचारणार होती, कामी येतीन का म्हणून."

पानावर प्रश्नचिन्ह होतंच. त्याच्याखाली आता नावं होती.

मी काय म्हटलं असेल? मी थँक्यू म्हटलं.

अजून संपलेलं नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला वाटेल, यानं निदान ते पान घेऊन त्या गावाची वाट धरली असेल. नाही. मी त्या गावाचे माझे बनावट कागद काढले, मनानं ठेवलेली नावं खोडली आणि रेणुकाच्या पानावरची खरी नावं घालून पुन्हा लिहून काढले. या खेपेला बस बंद दाखवली. उद्या समिती माझ्याकडेही आली तर नावं जुळायला हवीत ना? तिच्या बहिणीच्या नणंदेची उत्तरं मीच दिली. तिला पुढं काय शिकावंसं वाटतं, हेही मीच लिहिलं. नर्सिंग, असं लिहिलं.

समिती माझ्याकडे आली नाही. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच गाव काढलं आणि म्हणाले, इथली माहिती फार जिवंत आहे. टाळ्या झाल्या. आईनं पेढे वाटले. आता मी शिकवतो. दोन मुलं माझ्याकडे संशोधन करतात. त्यांच्या प्रश्नावल्या मी फार बारकाईनं तपासतो. ती म्हणतात, सरांच्या नजरेतून काही सुटत नाही.

गेल्या वर्षी चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. स्टँडवर रेणुका भेटली. सोबत लहान मुलगी होती. एका आश्रमशाळेत शिकवते म्हणाली. जमनीबाई वारली होती. मला राहवलं नाही, मी विचारलं, "गाणी ठेवली असतील ना कुठं तरी? एखादी कॉपी?"

"नाई दादा. पुसते म्हणून सांगितलं बायकायले, मंग पुसलीच."

इतक्या वर्षांत मी स्वतःला सांगत आलो होतो की कॉपी असेल. कुणीही ठेवली असती. मी ठेवली असती.

मग तिनं विचारलं, "माह्या बहिणीकडं गेलते का तुमी तेव्हा?"

"गेलतो ना," मी म्हटलं. "चहा पाजला त्यायनं."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुसदची गाडी लागली तशी तिनं मुलीला उचललं आणि गर्दीत शिरली. खिडकीपाशी बसली. मागं वळून पाहिलं नाही.

पत्र मी लिहिलं होतं. बायका खऱ्या होत्या. पाच गावांत मी कधीच गेलो नाही.