टोपलीवरचा अंगठा

गौराक्का गेल्याचं मला निपाणीच्या बाजारात कळलं, वांगी निवडताना. तोंडातून निघालं, “असं कसं? परवाच तर माझ्या इंग्रजीला हसल्या!” सांगणारा माझ्याकडे बघतच राहिला. नको तिथं नको ते बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे आक्कांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं...

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. आक्का आमच्या शेजारी राहायच्या, तंबाखूच्या वखारीत पाला निवडायच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक रामू. त्याला आरमारात जायचं होतं. त्यासाठी कागदावर आईचा अंगठा हवा होता आणि आई तो देत नव्हती. रामू मला म्हणाला, “मास्तर, तुम्ही इंग्रजी शिकवतासा. तुमचं ऐकंल ती.”

मी डिक्शनरी काखोटीला मारून गेलो. भरतीच्या पत्रकावर एका युद्धनौकेचं चित्र होतं, खाली छापलेलं : कॉर्व्हेट. आक्कांनी विचारलं, “म्हंजी काय वो?” पाणबुड्या हुडकून बुडवणारी चपळ नौका, एवढं सांगून गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. पण मला शब्दांची मुळं उकरायची खोड. पान काढलं, वाचलं आणि ऐटीत जाहीर केलं, “मूळ शब्द लॅटिन. अर्थ, टोपली!”

रामूनं कपाळावर हात मारला. “घात केलासा की मास्तर!”

मी सावरायला गेलो. जुन्या रोमन लोकांची धान्याची गलबतं, त्यांच्या डोलकाठीला म्हणे टोपली टांगलेली असायची, काही विद्वानांना तेही पटत नाही... मी बोलत होतो तसतसा रामू खचत होता. आक्का चित्राकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “टोपलीतनंच आले की मी ह्या घरात.”

त्यांचं माहेर कृष्णेपलीकडं. पहिल्यांदा नांदायला येताना नदी दुथडी भरलेली. बांबूच्या कामट्यांच्या, कातडं मढवलेल्या गोल हरगोलात बसवून त्यांना अलीकडं आणलं होतं. “भवऱ्यागत फिरली, पर बुडाली न्हाय. आई काठावर रडत हुती. मी न्हाय रडले. मला पल्याडचं बघायचं हुतं.” मग त्यांनी रामूकडं बघितलं. “तुलाबी पल्याडचं बघायचं हाय न्हवं? आण तो कागद.”

अंगठा उमटला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “टोपली कुठं लिवलीया, दावा बघू.” मी ओळ दाखवली, तर शाईचा तोच अंगठा त्यांनी हलकेच त्या ओळीवर टेकवला. आणि मी ओरडलो, “अहो आक्का, पुस्तक खराब होतंय!” घरी येऊन रबरानं घासलंसुद्धा. सुदैवानं माझं तेही काम धड झालं नाही.

रामू लढाईतून सुखरूप आला, अजून आरमारातच आहे. आक्कांच्या दहाव्याला आला तेव्हा मी त्याला ते पान दाखवलं आणि त्याच्यासाठी फाडायला लागलो. त्यानं माझा हात धरला.

“नको मास्तर. हितंच ऱ्हाऊ द्या. आमच्या आईचं पुस्तकात एवढंच हाय.”