निळ्यात निळी होडी

माझा धाकटा भाऊ आखातातली नोकरी सोडून मुरुडला परतला, तेव्हा तो सोनं आणेल अशी आईची समजूत होती. त्यानं आणला इंग्लंडचा एक फुटबॉल क्लब. अख्खा. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांचे समर्थक विमान भरून येतील, आणि आमच्याकडे शनिवार-रविवारी लॉजमध्ये खोली मिळत नाही.

तिकडे कामगारांच्या कॅम्पात मलबारी सोबत्यांनी त्याला हा रोग लावला होता. आता जेवताना रोज आम्हाला क्लबचा इतिहास. कुठल्याशा गिरणीच्या कामगारांनी तो काढला. सदरे शिवायला कापड नव्हतं, तेव्हा मालकानं रंगाऱ्याकडे उरलेलं पिवळं कापड दिलं. पुढं तेच पिवळं त्यांचं दैवत झालं. मग नवा मालक आला. त्याला पिवळा रंग गावठी वाटला, त्यानं संघाला निळं चढवलं. जुनी माणसं मैदानाकडे पाठ करून बसली, पण संघ जिंकायला लागल्यावर हळूहळू वळली.

"आणि बाकीचा वेळ ती मानसं काय कामधंदा करतात?" बाबांनी मासळीचा काटा काढत विचारलं.

भावाकडे दोन जर्सी होत्या. निळी इस्त्री करून मॅचसाठी ठेवलेली. पिवळी, जुन्या पद्धतीची, फाटली होती. तिनं तो होडीचं मशीन पुसायचा.

आमच्या वाडीत प्रत्येक घराच्या होडीला आपला रंग असतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर येतात, तेव्हा तोच रंग पुन्हा चढतो. एरवी किनाऱ्यावरच्या बाया परतणाऱ्या होडीचा रंग बघूनच चुलीवर भात ठेवतात. आमची होडी आजोबांपासून पिवळी. यंदा बाबांचा गुडघा गेला, होडी भावाच्या हाती आली, आणि एका सकाळी बघतो तर ती निळी! वर पांढरा पट्टा.

"आपली होडी पिवळी का, ठाव हाय?" बाबा कडाडले. पार दंडाराजपुरी गावापर्यंत ऐकू गेलं असणार.

"आजोबांना पिवळ्याचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून. तुम्हीच सांगितलंत, बाबा."

बाबा गुडघा चोळत घरात गेले. कारण ते खरं होतं.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या. आठवडा झाला नसेल, तोच एका दुपारी वारा फिरला. सगळ्या होड्या बंदराला लागल्या. आमची नाही. भाऊ आणि एक खलाशी, दोघे होते तिच्यावर. फोन लागेना.

आई वाळूत उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती पाण्यात पिवळा ठिपका शोधत आली होती. समुद्र निळा असतो तो पर्यटकांच्या फोटोत, एरवी आमच्याकडे गढूळच. पण त्या दिवशी आभाळ, पाणी, पलीकडचा किल्ला, सगळ्यावर कुणी शाई ओतली होती. आईनं माझं मनगट धरलं. "मी काय बघू रं? निळ्यात निळं कुठं हुडकू?"

शेजाऱ्यांच्या होडीतून आम्ही शोधायला निघालो. नाक्यावर मी हे सांगतो तेव्हा लाटा माडाएवढ्या असतात, एक तर देवळाच्या कळसावरून जाते. खरं सांगू? लाटा तेवढ्या नव्हत्या. भीती दुसरीच होती. प्रत्येक निळ्या लाटेच्या डोक्यावर पांढरा फेस, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, ती बघा आपली होडी, तो पट्टा! वळवायचं, जवळ जायचं, लाट फुटायची. मी त्या दुपारी माझा भाऊ शंभरदा बुडताना पाहिला. हा आकडा मी वाढवलेला नाही.

अंधारून यायच्या बेतात शेजारी ओरडला, "ते पिवळं काय हाय?"

वल्ह्याला बांधलेलं, तेलानं माखलेलं, फडफडणारं चिंधूक. मशीन पुसायची जर्सी. खाली आमची होडी, मशीन बंद, कमरेएवढं पाणी उपसत दोघे. आम्ही पहिला दोर फेकला तो हुकला, पण तेवढ्या जवळूनही होडी नीट दिसत नव्हती. पिवळं दिसत होतं.

"काय रं," शेजारी भावाला म्हणाला, "तुजा इंग्लंडचा मालक न्हाय आला वढायला?" कुणी हसलं नाही. शेजारी स्वतःसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा दुखरा गुडघा घेऊन वाळूत बसले आणि होडीच्या तोंडापासून पिवळा हात द्यायला लागले. भावानं दुसरा ब्रश उचलला. निळ्यावर पिवळं चढेना, हिरवट दिसायचं. तीन हात द्यावे लागले.

मॅच तो अजून बघतो, आवाज बंद करून. पण आईचं काही पहिल्यासारखं झालेलं नाही. पूर्वी ती दारातूनच ठिपका बघून भात ठेवायची. आता वाळूत उतरते, होडी जवळ येईपर्यंत माझं मनगट सोडत नाही, आणि पिवळी लख्ख समोर असताना विचारते, "आपलीच ना रं?"

मी एवढा बोलघेवडा माणूस. तिथं फक्त "हो" म्हणतो.