पहिल्या फेरीचा हट्ट

अल्फारेटाच्या मराठी मंडळात मानकर दोन आहेत. एक शनिवारी पार्कात योगासनं शिकवतात, आणि दुसरा दिगंबर. दुसऱ्याला ओळखणं सोपं होतं. गणपतीच्या जेवणात एखादा नवखा पाहुणा सापडला की दिगंबर त्याच्या शेजारी सरकून विचारायचा, "बेसबॉल बघता का?" पाहुणा भिडेखातर "थोडंफार" म्हणाला की संपलंच. त्याच्या पानातला मसालेभात गार व्हायचा आणि दिगंबर हेरन्सच्या पहिल्या फेरीत अडकलेला असायचा.

खरं तर दिगंबरला खेळात विशेष गम्य नव्हतं. नवव्या डावापर्यंत तो सोफ्यावर घोरायला लागलेला असायचा. त्याचा जीव अडकला होता ड्राफ्टमध्ये. दर जुलैत इथले मोठे क्लब पाळीपाळीने तरुण पोरांची निवड करतात. एकेक क्लब एकेक नाव पुकारतो, अशा वीस फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत नाव आलं की पोराचा फोटो टीव्हीवर, आई रडतेय, मामे-मावश्या उड्या मारतायत. विसाव्या फेरीतलं नाव फक्त त्याच्या घरच्यांना ऐकू येतं. "आपल्याकडे बोर्डाची मेरिट लिस्ट असायची ना, सेम टु सेम," असं दिगंबर सांगायचा, आणि ते सांगताना त्याचा आवाज जरा ओला व्हायचा.

हेरन्स हा शार्लटचा क्लब. अटलांटाच्या उपनगरात राहून शार्लटच्या क्लबवर प्रेम करणं म्हणजे घरजावयाने माहेरचं कौतुक सांगण्यातला प्रकार, पण दिगंबरला त्याची पर्वा नव्हती. क्लब निघाला त्या वर्षापासूनची पहिल्या फेरीतली सगळी नावं त्याला पाठ होती. पहिल्याच वर्षी घेतलेला टेक्ससचा उंचपुरा पोरगा, त्याचा खांदा दुसऱ्याच मोसमात गेला आणि आता तो घरांची छपरं बसवतो. पुढचा एक कॅचर वर पोचायच्या आत चर्चमध्ये पाद्री झाला. एका वर्षी क्लबने नियम मोडले म्हणून पहिल्या फेरीचा हक्कच काढून घेतला गेला. ते वर्ष दिगंबर घरात सुतक असल्यासारखं सांगायचा. निवडलेल्यांपैकी निम्मेसुद्धा कधी मोठ्या मैदानावर दिसले नाहीत. मग यात कौतुक कसलं, असं कोणी विचारलं तर तो चिडायचा. "अरे, यादीत तर लागले ना!"

यादीत लागण्याचं हे दुखणं जुनं होतं. अमरावतीला बारावी झाल्यावर पहिल्या फेरीत दिगंबरला एका आडगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. वडील म्हणाले, मिळतंय ते घे. त्याने घेतलं. त्याच्याहून कमी मार्कांचा मित्र, जगन्नाथ, थांबला. पुढच्या फेरीत 'बेटरमेंट' मिळून तो नागपूरच्या मोठ्या सरकारी कॉलेजात गेला, आणि दिगंबर चार वर्षं एसटीच्या टपावरून येणाऱ्या डब्यावर जगला. गंमत अशी की एवढं पोळूनही त्याचा स्वभाव बदलला नाही. पहिली मिळाली ती नोकरी घेतली. पहिला मिळाला तो क्लायंट, पहिलं मिळालं ते व्हिसाचं काम. आसावरीचं स्थळही पहिलंच पाहिलेलं. ती मैत्रिणींना सांगायची, "दुसरी बघायला गेला असता तर मी सुटले असते." सगळे हसायचे. दिगंबरही हसायचा. पण मनाच्या तळाशी एक खडा होता, की आपण आयुष्यात एकदाही 'नाही' म्हणून थांबलो नाही.

मग ईशान आला. इथेच जन्मलेला, डावखुरा, आणि हाताने असा चेंडू फेकणारा की शाळेचा कोच पहिल्या दिवशी नुसताच बघत उभा राहिला. दिगंबरने त्याला मैदानावर नेलं, आणलं, पावसात गाडीत बसून वाट पाहिली. हौस बापाची असली तरी मेहनत पोराचीच होती, हे म्हटलंच पाहिजे. ईशान फार बोलायचा नाही. मराठी कळायचं सगळं, उत्तरं इंग्रजीत यायची, तीही एकदोन शब्दांची. चेंडू हातात असला की मात्र त्याचा चेहरा उजळायचा. आसावरी म्हणायची, हा देवापुढेसुद्धा असा उभा राहत नाही.

शाळेच्या शेवटच्या वर्षी रसेल नावाचा हेरन्सचा माणूस कुंपणाशी येऊन बसायला लागला. पोरं हेरण्याचं काम करणारा, साठीचा, कमी बोलणारा. तो दिसला की दिगंबरच्या डोक्यात गणपतीचा ढोल वाजायला लागायचा. आपला मुलगा हेरन्सच्या यादीत, आणि तोही पहिल्या फेरीत! त्याने मनातल्या मनात नावापुढे गावसुद्धा लिहून टाकलं होतं. मानकर, अल्फारेटा.

इथे इथला एक नियम सांगायला हवा. शाळेतून निघालेल्या पोराला एखाद्या फेरीत निवडलं, तर तो होकार देऊन लगेच क्लबात जाऊ शकतो, किंवा नकार देऊन कॉलेजात. मोठ्या कॉलेजात गेला की मग तीन वर्षं त्याला कोणी शिवत नाही. तीन वर्षांनी पुन्हा त्याचं नाव ड्राफ्टमध्ये येतं. दिगंबरने हा नियम वाचला आणि मांडीवर थाप मारली. "हे तर बेटरमेंट आहे!"

हेरन्सच्या इतिहासात त्याला दाखला पण मिळाला. ब्रेनन मर्डॉक नावाच्या पिचरने, म्हणजे ईशानसारख्याच चेंडू फेकणाऱ्याने, शाळेतून निघताना खालच्या फेरीला नकार दिला होता, कॉलेजात गेला, आणि तीन वर्षांनी हेरन्सने त्याला पहिल्या फेरीत उचललं. मर्डॉकचं नाव दिगंबर त्या वर्षी देवाच्या नावासारखं घ्यायला लागला. आता दिगंबर विम्याच्या कंपनीत आकडेमोडीवर पोट भरतो. जे दावे नोंदवलेच गेले नाहीत ते विसरू नका, असं ऑफिसात नव्या पोरांना तो स्वतः बजावतो. पण नकार देऊन कॉलेजात गेलेले आणि मग कुठेच न उगवलेले मर्डॉक किती, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. ते कुठल्याच पहिल्या फेरीत नव्हते, तेव्हा त्याच्या पाठांतरातही नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ड्राफ्टच्या पहिल्या दिवशी मंडळातली दहाबारा घरं मानकरांकडे जमली. टीव्हीपुढे समई लावली होती. आसावरीने खमंग काकडी केली होती, शोभाकाकूंनी पेढे आणले होते. पहिली फेरी संपली, नाव आलं नाही. दुसरीही संपली. पेढ्यांचा डबा न उघडताच काकू घरी घेऊन गेल्या, आणि जाताना ईशानच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "उद्या बघू हं बाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी फेरी सुरू व्हायच्या आधी दिगंबरचा फोन वाजला. रसेल होता. म्हणाला, आम्ही ईशानला तिसऱ्या फेरीत घ्यायला तयार आहोत. त्याच्याशी माझं बोलणं झालंय, तुम्हा घरच्यांचं ऐकायचं होतं.

ईशान स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पायात बूट होते, सकाळीच कशाला घातले होते कोण जाणे. आसावरी ओट्याशी. दिगंबरने दोघांकडे पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेल्या गोष्टीला 'नाही' म्हणाला. अतिशय नम्रपणे, चांगल्या इंग्रजीत. आम्ही थांबू म्हणाला. तीन वर्षांनी पहिल्या फेरीत भेटू म्हणाला.

"सर, हात थांबत नसतो," पलीकडून रसेल म्हणाला. मग त्याने विचारलं, "घरात सगळ्यांचं हेच मत आहे?"

"हो," दिगंबर म्हणाला. "सगळ्यांचं."

फोन ठेवल्यावर तो जे नाचला ते आसावरीने लग्नाच्या वरातीतही पाहिलं नव्हतं. त्याने ईशानला मिठी मारून उचललं, सहा फुटी पोराला. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आम्ही नाही म्हणालो!!' लोकांना वाटलं काहीतरी बिनसलं. अमरावतीला आईला फोन केला, नागपूरला जगन्नाथला मुद्दाम फोन केला. संध्याकाळी सगळ्यांना जेवायला बाहेर नेलं आणि वेटरलासुद्धा सांगितलं. आसावरी घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "दिगंबर, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये रे." त्यावर तो म्हणाला, "तू पुण्याची ना, तुला रिस्क कळत नाही." मागच्या सीटवर ईशान कानात इअरफोन घालून बसला होता.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. कॉलेजचं पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका सामन्यात चेंडू हातातून सुटला, आणि ईशान कोपर धरून खाली बसला. कोपरातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, वर्षभर मैदान बंद. या खेळात पिचरचं कोपर जातं, जोडतात आणि पुष्कळजण परत येतात, असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं नव्हतं. ईशान परत आला. चेंडू तेवढा परत आला नाही. पूर्वी फलंदाजाच्या नाकासमोरून सुटायचा, तो आता त्याला छान दिसायला लागला. रसेल एकदा येऊन गेला. कुंपणाशी बसला, दोन डाव पाहिले, दिगंबरशी हात मिळवला, हवापाण्याचं बोलला आणि निघून गेला.

तिसऱ्या वर्षाचा जुलै उजाडला. या वेळी कोणाला बोलावलं नव्हतं. पहिली फेरी दिगंबरने पाहिलीसुद्धा नाही. हेरन्सनी कोणाला घेतलं हे त्याला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसला. शेवटच्या फेऱ्यांना फोटो नसतात की थांबणं नसतं. एक बाई नुसती नावं वाचत जाते, रेल्वे स्टेशनवर गाड्या सांगाव्यात तशी. दिगंबर मनात सौदा करत होता. दहावी चालेल. मग पंधरावी चालेल. अठराव्या फेरीत हेरन्सची पाळी आली तेव्हा त्याने नकळत हात जोडले. जो माणूस पहिल्या फेरीखाली बघायला तयार नव्हता, तो विसाव्या फेरीच्या शेवटच्या नावासाठी श्वास धरून बसला. शेवटचं नाव ओरेगनच्या कोणा पोराचं निघालं.

आसावरीने येऊन लॅपटॉप मिटला.

ईशान दुपारभर काउंटीच्या मैदानावर लहान मुलांना शिकवायला गेला होता. सहाच्या सुमाराला आला, हात धुतले, पानावर बसला. आसावरीने वरणभात वाढला. दिगंबर समोर बसून राहिला. मग ज्या प्रश्नाची वेळ तीन वर्षांपूर्वी एका सकाळी होती, तो त्याने आता विचारला.

"ईशान, तेव्हा तुला घ्यायचं होतं का रे? तिसरी फेरी?"

ईशानने घास खाली ठेवला. "बाबा, आय हॅड ऑलरेडी टोल्ड हिम यस."

"कोणाला?"

"रसेलला. त्या सकाळी. मीच त्याला फोन केला होता. एनी राउंड, असं म्हणालो, आय'ल साइन. म्हणून तर त्याने तुला कॉल केला."

दिगंबरला वाटलं होतं की क्लब आपल्या दारी चालून आला. आपल्या पोराला भाव आहे म्हणून आला. एवढी वर्षं त्याच जोरावर तो मान वर करून बोलत होता. त्याने आसावरीकडे पाहिलं. ती भांड्यांकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यावरून त्याला कळलं की तिला हे नवीन नाही.

"मग बोलला का नाहीस?" दिगंबर जवळजवळ ओरडलाच. "दारात तर उभा होतास! एक शब्द बोलायचा होतास, मी लगेच फोन फिरवला असता! आईची शपथ, फिरवला असता!"

ईशान रागावला नाही. रागावला असता तर फार बरं झालं असतं. त्याने उजव्या हाताने डावं कोपर चोळलं, ती सवयच झाली होती त्याला, आणि सावकाश मराठीत, शब्द शोधत बोलला.

"तू नाचत होतास, बाबा. मी तुला इतकं हॅपी कधी बघितलंच नव्हतं."